तळ्यात-मळ्यात, चॉकलेट आणि साडेतीन वर्षांचा ‘थांब’

गोगलगाय
बालवाडीची पालकसभा जवळ आली आहे. विषय आहे ‘मुलांचा स्वतःवरचा ताबा’, वेळ अर्धा तास, गट साडेतीन ते पाच वर्षांचा. पालकांचे दोन प्रश्न ठरलेलेच असतात. पहिला, “सांगितलेलं सगळं कळतं हो त्याला, मग ऐकत का नाही?” आणि दुसरा, “चॉकलेट समोर ठेवून पाहिलं, एक मिनिट धीर धरवला नाही. पुढे कसं व्हायचं?” हा दुसरा अर्थातच त्या फिरणाऱ्या व्हिडिओंचा प्रताप: मुलासमोर एक खाऊ ठेवायचा, ‘मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ म्हणायचं आणि बाहेर जायचं.
माझं मत आधीच सांगून टाकते. चॉकलेटच्या परीक्षेतून मुलाचं भविष्य कळत नाही आणि ती घरी घेऊही नये. पण ‘घेऊ नका’ एवढ्यावर पालक गप्प बसत नाहीत. त्याऐवजी काय करायचं, कोणत्या वयात किती अपेक्षा ठेवायची, हे नेमकं सांगता आलं पाहिजे. जाणकारांनी लिहा.

फोडणी
वाचतेय. इथे चाळिशीतही फरसाणाच्या डब्यासमोर एक मिनिट धीर धरवत नाही, त्यावरही कोणी प्रकाश टाका.

चेतापेशी
पहिल्या प्रश्नासाठी मानसशास्त्रज्ञ झेलाझो यांची पत्त्यांची चाचणी सांगा, पालकांना लगेच पटते. समोर दोन खोकी. एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. मुलाच्या हातात लाल ससे आणि निळ्या होड्या. आधी रंगाचा खेळ: लाल ते लाल खोक्यात, निळं ते निळ्या. तीन वर्षांचं मूल हे बिनचूक करतं. मग नियम बदलायचा: आता आकाराचा खेळ, ससे सशाकडे, होड्या होडीकडे. मुलाला विचारा, “आकाराच्या खेळात ससा कुठे जातो?” ते बरोबर सशाकडे बोट दाखवतं. लगेच त्याच्या हातात लाल ससा द्या. तो जातो लाल होडीच्या खोक्यात!
नियम तोंडपाठ, पण हात जुन्याच वाटेने. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना हा बदल जमतो. म्हणजे ‘कळतं पण ऐकत नाही’ हे पालकांचं निरीक्षण बरोबर आहे, त्यातून काढलेला ‘मुद्दाम करतो’ हा अर्थ चुकीचा. कळणं आणि आधी चालू असलेली क्रिया रोखणं ही वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाचा मोठा भार कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागावर असतो आणि तो मेंदूत सगळ्यात सावकाश पिकणाऱ्या भागांपैकी आहे. सहाव्या वर्षी मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो, म्हणून मूल ‘तयार’ वाटतं. पण आतल्या जोडण्यांची छाटणी आणि तंतूंवर मायलिनचं (एका चरबीयुक्त पदार्थाचं) वेष्टण चढणं पुढे बरीच वर्षं चालू असतं.

उंटावरचा शहाणा
थोडक्यात, अॅक्सिलरेटर जोरात आणि ब्रेक कच्चे.

चेतापेशी
@उंटावरचा शहाणा, ही उपमा सगळीकडे आहे, पण लहान मुलांसाठी ती अर्धवट पडते. ब्रेक एकच असतो. इथे निदान तीन गोष्टी लागतात: नियम डोक्यात धरून ठेवणं, सवयीची कृती थोपवणं आणि नियम बदलला की आपणही बदलणं. एखादं मूल थोपवण्यात चांगलं असतं पण सूचना दोन वाक्यांच्या झाल्या की पहिली विसरतं. “चपला काढ, हात धू, डबा काढ, चटईवर बस” असं सांगितलं की ते चपला काढून उभं राहतं. आपण म्हणतो हट्टी. खरं तर बाकीच्या सूचना डोक्यातून गळून गेलेल्या असतात. या वयात एका वेळी एक, फार तर दोन.

शेंगदाणा लाडू
+१. आणि सूचना नकारार्थी नको. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांचे जुने प्रयोग आहेत, रबरी फुगा दाबण्याचे. तीनेक वर्षांच्या मुलाला एका दिव्याला ‘दाब’ आणि दुसऱ्याला ‘दाबू नको’ असं स्वतः मोठ्याने म्हणत खेळायला लावलं, तर ‘दाबू नको’ म्हणताना ते फुगा आणखी जोरात दाबतं. शब्दाचा अर्थ नाही, शब्दाचा धक्काच तेवढा हाताला पोचतो.
म्हणून ‘पळू नको’ऐवजी ‘भिंतीला हात लावून चाल’. ‘ओरडू नको’ऐवजी ‘माझ्या कानात सांग’. ‘हात लावू नको’ला पर्याय म्हणून ‘हात मागे धर आणि बघ’. हाताला दुसरं काम दिलं की थोपवायचं काम हलकं होतं.

नीरजा_
चॉकलेटच्या परीक्षेबद्दल. मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग बालवाडीत, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून. मुलं बरीचशी प्राध्यापकांची आणि तिथल्या विद्यार्थ्यांची. आणि १९७० च्या प्रसिद्ध प्रयोगात, ज्यांच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते ते मार्शमॅलो (मऊ, गोड गोळे) नव्हतेच, बिस्किटं आणि प्रेट्झेल (खारट, बिस्किटासारखा खाऊ) होते. प्रश्न असा होता: मुलांना थांबायला मदत कशाने होते? दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर असताना मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली, दोन्ही नजरेआड असताना अकरा मिनिटांच्या वर. त्याच गटातली मुलं, फक्त मांडणी वेगळी! एवढा एक आकडा पालकसभेत सांगितला तरी पुरे.
पुढच्या आयुष्याशी संबंध नंतर जोडला गेला, १९९० मध्ये आलेल्या पाठपुराव्यात. मुलं तीच, त्या एका बालवाडीतली. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९०० हून अधिक, निरनिराळ्या घरांतल्या मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या अभ्यासातल्या गतीचा संबंध दिसला, पण आधीच्या निम्माच. घरची परिस्थिती आणि मुलाची सुरुवातीची समज हिशोबात धरल्यावर तोही बराच पातळ झाला.

सावरगावकर
म्हणजे स्वतःवरचा ताबा वगैरे सगळं झूठ? उलटं टोक गाठू नका राव. न्यूझीलंडच्या डुनेडिन अभ्यासाचं काय? १९७२-७३ मध्ये जन्मलेली १०३७ मुलं. ज्यांचा लहानपणी स्वतःवर ताबा कमी होता त्यांची बत्तिसाव्या वर्षी तब्येत, पैशाचे व्यवहार, कायद्याशी संबंध, सगळंच तुलनेने बिकट. बुद्ध्यांक आणि घरची सांपत्तिक स्थिती धरूनही.

नीरजा_
@सावरगावकर, नाही, झूठ नाही. पण तिथे मोजमाप कसं केलं तेही बघा. तीन ते अकरा या वयात पुन्हा पुन्हा, पालकांकडून, शिक्षकांकडून, निरीक्षकांकडून आणि खुद्द त्या मुलांकडूनही. बशीतल्या खाऊसमोरची पंधरा मिनिटं आणि आठ वर्षांची निरीक्षणं यांची बरोबरी कशी होईल? शिवाय ज्या मुलांचा ताबा वाढत्या वयात सुधारला त्यांचं पुढचं चित्रही अपेक्षेपेक्षा बरं निघालं. हेही त्याच अभ्यासातलं आहे, फक्त ते व्हिडिओत येत नाही.

काकू ऑनलाइन
अहो, विश्वासाचा मुद्दा राहिलाच की. रॉचेस्टर विद्यापीठातला २०१३ चा प्रयोग, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा. २८ मुलं, दोन गट. आधी मुलांना वापरून झिजलेले खडू दिले आणि सांगितलं, थांबलास तर छान नवीन आणते. एका गटाला खरंच आणून दिले. दुसऱ्याला ‘सॉरी, नाहीतच’. मग खाऊची चाचणी. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, दुसऱ्या गटातली तीन. शब्द पाळलेल्या गटात १४ पैकी ९ जण पूर्ण पंधरा मिनिटं थांबले, दुसऱ्यात एकच.
मला तर वाटतं, ज्याला एकदा फसवलंय त्याने समोरचा खाऊ लगेच तोंडात टाकणं हीच हुशारी. “दोन मिनिटांत आले”, “उद्या नक्की बागेत”, “इंजेक्शन दुखत नाही”, “ऐकलं नाहीस तर पोलीस येतील” हे सगळं आपण दिवसभर बोलतो. पोलीस काही येत नाहीत. ‘दोन मिनिटं’ म्हणायचं असेल तर घड्याळ लावा आणि खरंच दोन मिनिटांत या. सुरुवात तीस सेकंदांनी केली तरी चालेल, पण पाळा.

अधिकमास
@काकू ऑनलाइन, दंडवत. “पाच मिनिटांत पोचतो” म्हणणाऱ्या समस्त नवरे मंडळींनाही हे लागू करावं.

उंटावरचा शहाणा
आम्ही सिग्नलला असतो हो, खरंच.

वाटाण्याच्या अक्षता
आपल्याकडे थांबायची सवय वेगळ्या रीतीने लागते. नैवेद्य दाखवेपर्यंत मोदकाला हात लावायचा नाही. शाळेत सगळ्यांचे डबे उघडून श्लोक संपेपर्यंत घास नाही. चार वर्षांची मुलंही पाळतात, आणि तीच मुलं वाढदिवसाच्या भेटीचा कागद पाहुणे दारात असतानाच टरकावतात!

नीरजा_
@वाटाण्याच्या अक्षता, नेमकं यावरच २०२२ मध्ये जपानी आणि अमेरिकी मुलांचा तुलनात्मक अभ्यास आला. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायची सवय असलेली जपानी मुलं खाऊसाठी जास्त वेळ थांबली. भेटवस्तूच्या बाबतीत मात्र अमेरिकी मुलं पुढे, कारण तिथे भेटी ठरलेल्या वेळीच उघडायचा रिवाज. कॅमेरूनमधल्या एन्सो समाजातली मुलं आणि जर्मन मुलं यांच्या तुलनेत सुमारे ७० टक्के एन्सो मुलं शेवटपर्यंत थांबली, जर्मन ३० टक्क्यांच्या आसपास. एन्सो मुलं शांत बसून राहिली, काही तर चक्क झोपली.
त्यामुळे ‘ताबा आहे की नाही’ हा प्रश्नच मोघम झाला. कशासाठी, कोणाच्या सोबत, कोणत्या रिवाजात, हे आधी विचारायला हवं.

अधिकमास
अवांतर: मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण होतो म्हणतात. मग १८ ला मतदान, गिअरची गाडी आणि २१ ला लग्न कसं काय?

चेतापेशी
२५ हा काही मेंदूचा वाढदिवस नाही. मेंदूच्या पुढच्या भागात वरच्या थराची जाडी कमी होत जाणं, मायलिन वाढणं हे विशीत चालू असतं आणि ठरावीक तारखेला थांबत नाही. गाजलेल्या एका स्कॅन-अभ्यासात मुलं ४ ते २१ वयाची होती, त्यातून २५ चा आकडा निघूच शकत नाही. शिवाय सोळाव्या वर्षी शांत डोक्याने, एकट्याने विचार करण्याची क्षमता बरीचशी मोठ्यांइतकी असते. घोडं अडतं ते मित्र बघत असताना. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्रांच्या सोबतीत एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले, प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. म्हणून दुचाकीवर ट्रिपल सीट हा नुसता वजनाचा प्रश्न नाही.

सावरगावकर
धागा बालवाडीतून थेट आरटीओत गेला. परत आणा.

डॉक्टर बिनपाटीचे
आणतो. वर्तनाची चर्चा करण्याआधी शरीराच्या दोन गोष्टी बघायच्या.
एक, झोप. तीन ते पाच वर्षांत दुपारची धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांत ९ ते १२. रात्रीची मालिका संपवून अकराला झोपलेलं आणि साडेसहाला उठवलेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट ते अंगात आल्यासारखं करतं. संध्याकाळी सहा-सातनंतर ताबा सुटत असेल तर आधी झोप मोजा. आपल्या राज्यात २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनादेश आहे, तो याचसाठी. आणि मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) आणि टॉन्सिल दाखवून घ्या. तुटक झोपेमुळे होणारी चंचलता हुबेहूब एडीएचडीसारखी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता हा विकार) दिसते.
दोन, लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ प्रमाणे देशात ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आहे. मायलिन बनायला आणि डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) तयार व्हायला लोह लागतं, त्यामुळे कमतरतेची मुलं चिडचिडी, लक्ष न टिकणारी दिसतात. दोन ते पाच वर्षांत हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. अंगणवाडीतून पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप आणि ५ ते ९ वयाला आठवड्याला एक गुलाबी गोळी मिळते. बाटली बहुतेक घरांत फडताळात पडून असते, कारण शौच काळी होते म्हणून आई घाबरते. काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घरात चहा-बिस्किटाची सवय असेल तर ती तोडा, चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. पोह्यांवर, डाळीवर लिंबू पिळा. दिवसाला लिटरभर दूध पाजत असाल तर तेही कमी करा, त्याने पोट भरतं आणि लोह मिळत नाही. उपचाराचा डोस मात्र तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील.

गोगलगाय
@डॉक्टर बिनपाटीचे, धन्यवाद, ही माहिती हवीच होती. एडीएचडीचं विचारायचंच होतं. साडेतीन-चारला पालक ‘तपासून घेऊ का’ म्हणतात.

डॉक्टर बिनपाटीचे
चार वर्षांच्या मुलाची चंचलता हा बहुतेक वेळा वयाचा गुण. शंका कधी घ्यावी? लक्षणं सहा महिन्यांहून जास्त टिकली, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली आणि मुलाचं रोजचं चालणं अडत असेल तर. फक्त शाळेतच होत असेल तर आधी शाळेची मांडणी बघा. फक्त घरी होत असेल तर घरची. ऐकू नीट येतं का हेही तपासा. सहा वर्षांखाली पहिला उपचार पालकांचं प्रशिक्षण, गोळी नव्हे. आणि २००७ च्या एका स्कॅन-अभ्यासात एडीएचडीच्या मुलांमध्ये मेंदूच्या वरच्या थराची जाडी साधारण साडेदहाव्या वर्षी शिखरावर पोचली, इतर मुलांत साडेसातव्या वर्षी. क्रम बराचसा तोच, गती मागे. हे ऐकून पालकांचा जीव भांड्यात पडतो. पण आपोआप होईल म्हणून मदत टाळायची नाही.

शेंगदाणा लाडू
आता उपाय. विकतचे ‘ब्रेन जिम’ संच नकोत. तळ्यात-मळ्यात आणि चिमणी उड-कावळा उड हे दोन्ही खेळ थोपवण्याचेच आहेत. ‘म्हैस उड’ला बोट न उचलणं म्हणजे प्रयोगशाळेत बटण न दाबण्याची जी चाचणी घेतात तीच.
तळ्यात-मळ्यात असा घ्या. खडूने एकच रेघ, मुलं आठ ते दहा, एकमेकांत हातभर अंतर. अंतर ठेवलं नाही तर शेजारच्याकडे बघून उड्या मारतात आणि खेळ फुकट जातो. पहिले दोन-तीन दिवस हुकूम सावकाश, दोन हुकमांत दोन-तीन सेकंद. मग खरी गंमत: “तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात, मळ्यात!” लय लागलेली असते, पाय उचलला जातो. तो पाय अर्ध्यात थांबवणं हीच सगळी मेहनत. चार वर्षांच्या पुढच्यांसाठी उलट नियम: तळ्यात म्हटलं की मळ्यात उडी. त्याआधी उलट नियम लावू नका, मुलं हिरमुसतात. वेळ आठ-दहा मिनिटं, आठवड्यातून चार-पाचदा.
सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘बाद’ करणं. ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा तो पहिल्या मिनिटात बाद होऊन कडेला बसतो आणि ज्याला मुळातच जमतं तो शेवटपर्यंत खेळतो. चुकलेल्याने जागेवर एक गिरकी घ्यायची आणि पुढचा हुकूम ऐकायचा, बस.

चेतापेशी
यात एक भर. मेंदू-संशोधक अॅडेल डायमंड यांची दिवस-रात्रीची चाचणी आहे: सूर्याचं चित्र दिसलं की ‘रात्र’ म्हणायचं, चंद्र दिसला की ‘दिवस’. चार वर्षांची मुलं यात खूप अडखळतात. पण चित्र दाखवल्यावर प्रयोगकर्त्याने छोटंसं गाणं म्हणून मुलाला थांबवून धरलं, की त्यांची उत्तरं सुधारतात. बरोबर उत्तर आत असतं, ते वर यायला दोन-चार सेकंद लागतात आणि त्याआधी चुकीचं तोंडातून निसटतं. म्हणून उलट तळ्यात-मळ्यात शिकवताना हुकूम वेगळा आणि उडी वेगळी ठेवा. “तळ्यात…” म्हणा, थांबा, मग टाळी. उडी टाळीवर. जमायला लागलं की टाळी जवळ आणत न्या आणि शेवटी काढून टाका.
या वेळी मुलं पुटपुटतात, “तळ्यात म्हणजे मळ्यात, तळ्यात म्हणजे मळ्यात”. ‘शू, गप्प’ म्हणू नका. त्या पुटपुटण्यानेच ती स्वतःला चालवतात. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी हे कधीच सांगून ठेवलंय, तरी आपले वर्ग अजून बोटं ओठांवर ठेवूनच बसतात.

सावरगावकर
खेळ चांगले आहेत, पण दावे बेताने करा. संगणकावरच्या स्मरण-सरावाचा अनुभव असा की मुलं सरावलेल्या कामात तरबेज होतात, गणित किंवा वागणूक त्याने सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेत ‘टूल्स ऑफ द माइंड’ नावाच्या बालवाडी अभ्यासक्रमाचे २००७ चे निष्कर्ष फार गाजले, पुढच्या मोठ्या चाचण्यांत काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी अजिबात नाही. तळ्यात-मळ्यात खेळला म्हणून मूल दुकानात गडबडा लोळायचं थांबेल, असं पालकांना सांगू नका.

शेंगदाणा लाडू
@सावरगावकर, मान्य. लोळण्याचा उपाय दुकानाबाहेर, आत जाण्याआधी असतो. “आपण तेल आणि साबण घेणार. खेळणं आज नाही. यादी तू धर आणि दिसलं की मला दाखव.” हाताला काम मिळालं आणि नियम आधीच कळला. भूक आणि झोपेच्या वेळी नेऊच नका. एकदा लोळण सुरू झाली की ती शिकवायची वेळ नव्हे, उचलून बाजूला न्या आणि आवाज खाली ठेवा. बोलणं नंतर.
पण सराव त्या त्या जागीच करावा लागतो हे तुमचं म्हणणं खेळाच्या विरोधात जात नाही. रांगेत उभं राहणं रांगेतच शिकावं लागतं. बालवाडीत दिवसाला दहा-बारा खऱ्या रांगा आपसूक मिळतात: हात धुण्याची, घसरगुंडीची, खडूंच्या डब्याची. रांग लांब मात्र नको, चार-पाच जणांची. पंचवीस मुलांची रांग लावली तर ढकलाढकलीचाच सराव होतो.

फोडणी
घसरगुंडीची रांग म्हणजे लोकलची पूर्वतयारी.

गोगलगाय
खूपच उपयोगी चर्चा, सगळ्यांचे आभार. आता अर्ध्या तासात भाषण किती आणि कृती किती हा प्रश्न आहे. पत्त्यांची चाचणी मुलांवर सगळ्यांसमोर घ्यावी का?

नीरजा_
मुलांवर अजिबात नको. पाच मिनिटांत पालक आपापल्या मुलांची तुलना सुरू करतील आणि तुम्ही चॉकलेटच्या जागी ससे आणून ठेवल्यासारखं होईल. पालकांनाच खेळवा. उलट तळ्यात-मळ्यात, टाळी न देता, वेगात. शेवटी नियम पुन्हा सरळ करा. त्या क्षणी निम्म्या सभेच्या उड्या चुकतात आणि ‘कळतं पण होत नाही’ हे वेगळं समजवावं लागत नाही.

काकू ऑनलाइन
खुर्च्या आधी भिंतीला लावून घ्या आणि फरशी पुसून कोरडी करा. साड्या, गुडघे आणि आज्या असतील तर उडी नको, हाताचा प्रकार घ्या: तळ्यात म्हटलं की तळहात मांडीवर, मळ्यात म्हटलं की डोक्यावर. कमरेला पट्टा लावलेल्या आजोबांना पंच करा, ते कोणाला सोडत नाहीत.